बालकाचा सामाजिक विकास : लोंढा परिसराच्या संदर्भात

मुलास पहिला दात केव्हा आला, ते पहिले पाऊल केव्हा टाकू लागले, याची आठवण घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने ठेवतात. परंतु ते दुसऱ्या मुलाशेजारी आपणहून प्रथम केव्हा बसले, हातातील खाऊ त्याने न सांगता केव्हा पुढे केला, रडणाऱ्या भावंडाजवळ जाऊन ते केव्हा उभे राहिले, या गोष्टी सहसा कोणी ध्यानात ठेवत नाही. वस्तुतः शरीराच्या वाढीप्रमाणेच ही वाढदेखील क्रमाक्रमाने होत असते आणि तिलाही योग्य पोषण लागते. इतरांबरोबर राहण्याची, त्यांचे मन जाणण्याची आणि आपले मन त्यांना कळविण्याची ही क्षमता म्हणजेच बालकाचा सामाजिक विकास होय.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढा हे गाव या विषयाच्या विचारास विशेष उपयुक्त आहे. मिरजेहून बेळगावमार्गे बंगळूरकडे जाणारा लोहमार्ग आणि कॅसलरॉकमार्गे घाट उतरून गोव्याकडे जाणारा लोहमार्ग यांचा येथे संगम होतो. लोहमार्गांप्रमाणेच येथे भाषांचाही संगम झाला आहे. घरात मराठी, शेजारी कोंकणी, बाजारात कन्नड, तर कोठे उर्दू किंवा हिंदी, असे वातावरण या परिसरातील मुलाच्या कानावर जन्मापासून असते. अशा ठिकाणी मूल समाजात कसे मिसळते आणि मोठ्यांनी त्यास कसे साहाय्य करावे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

विकासाचा क्रम

जन्मानंतर साधारण दीड ते दोन महिन्यांत बालक माणसाचा चेहरा पाहून हसू लागते. समाजाशी त्याचा हा पहिला व्यवहार होय. सात-आठ महिन्यांच्या सुमारास ते अनोळखी माणसाला पाहून आईला बिलगते. पाहुण्यांसमोर मूल रडले म्हणून आई ओशाळते. परंतु आपले कोण आणि परके कोण, हे त्यास कळू लागल्याची ती खूण असते. वर्षाच्या आसपास ते बोट दाखवून आपले लक्ष एखाद्या वस्तूकडे वेधते. रुळांवरून गाडी निघाली की कडेवरचे मूल तिकडे बोट करते आणि पुन्हा आईच्या तोंडाकडे पाहते. ‘मी पाहिले, तूही पाहा’ असे ते शब्दांवाचून सांगत असते.

अमेरिकेतील संशोधिका मिल्ड्रेड पार्टन यांनी बालशाळेतील मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मूल प्रथम एकटे खेळते किंवा इतरांचा खेळ नुसता पाहते; पुढे इतरांशेजारी बसून, पण आपापल्या परीने खेळते; नंतर वस्तूंची देवघेव सुरू होते; आणि शेवटी कामे वाटून घेऊन, नियम ठरवून सर्व मिळून खेळतात, असे त्यांस आढळले. आपल्याकडील भातुकलीत हा क्रम स्पष्ट दिसतो. अडीच वर्षांची मुलगी आपल्या बोळक्यात एकटीच माती ढवळते. पाच वर्षांच्या मुली मात्र आई कोण, पाहुणी कोण, हे आधी ठरवतात. अर्थात या पायऱ्या ताठर नव्हेत. मोठे मूलही कधी एकटे रमते आणि त्यात वावगे काही नाही.

चौथ्या वर्षाच्या सुमारास आणखी एक महत्त्वाचे पाऊल पडते. आईने लाडू डब्यात ठेवला आणि दादा बाहेर गेल्यावर तो फडताळात हलवला. दादा परत आल्यावर लाडू कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल बहुधा ‘फडताळात’ असे सांगते, कारण त्याला स्वतःला ते ठाऊक असते. चार-पाच वर्षांचे मूल ‘डब्यात’ म्हणते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून निराळी समजूत असू शकते, हे त्यास उमगलेले असते. विमर आणि पर्नर या अभ्यासकांनी १९८३ साली अशाच स्वरूपाच्या गोष्टीद्वारे मुलांची ही समज तपासली होती. यास्तव दोन वर्षांच्या मुलाने खेळणे दिले नाही, तर त्यास ‘स्वार्थी’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे ‘माझे’ पक्के झाल्याखेरीज ‘तुझे’ त्यास कळत नाही.

अबोल बालक

बहुभाषिक परिसरात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. घरी अखंड बडबडणारे मूल, जेथे निराळी भाषा बोलली जाते अशा अंगणवाडीत गेल्यावर गप्प होते. मराठी घरातील मुलाचे कन्नड बोलणाऱ्या मुलांत असे होते, तसेच कन्नड घरातील मुलाचे मराठी मुलांतही होते. मग कोणी त्यास ‘मुखदुर्बळ’ म्हणतो, कोणी ‘मंद’, तर कोणी घरातील भाषा सोडून देण्याचा सल्ला देतो.

हे मौन पुष्कळदा काही आठवडे, क्वचित काही महिनेही टिकते. त्या अवधीत मूल ऐकत असते, पाहत असते, इतरांचे अनुकरण करीत असते. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाच्या बुद्धीस किंवा वाचेस अपाय होत नाही. उलट, घरची भाषा तोडल्यास आजीची गोष्ट आणि आईची समजूत या दोन्हींपासून मूल दुरावते. म्हणून घरातील भाषा घरात भरभरून बोलावी. दुसरी भाषा मूल खेळातून उचलते.

परंतु प्रत्येक मौन असे निर्धोक मानू नये. मूल घरीही बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही काही दाखविण्यासाठी बोट करीत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘होईल सावकाश’ म्हणून थांबणे हितावह नाही. त्याची श्रवणशक्ती व विकास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : घरी बोलणारे व खुणांनी उत्तर देणारे मूल धीर मागत असते, घरी आणि बाहेर दोन्हीकडे प्रतिसाद न देणारे मूल तपासणी मागत असते.

अंगणातील शाळा

गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जावे, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. पोषण व लसीकरणाबरोबरच शालापूर्व शिक्षण हेही अंगणवाडीचे कार्य आहे, हे विसरता कामा नये. खानापूरच्या जंगलातील विरळ वस्त्यांतून, जेथे मुलास समवयस्क सोबती मोजकेच मिळतात, तेथे तर अंगणवाडी हा त्याचा पहिला समाज असतो.

संगोपनाच्या काही दिशा

अंगणवाडी सेविकेने नव्या मुलाचे नाव आणि त्याच्या भाषेतील पाणी, भूक, आई, शू अशा गरजेच्या गोष्टींचे चार शब्द पहिल्याच दिवशी शिकून घ्यावेत. झुकझुकगाडी, तळ्यात-मळ्यात, आंधळी कोशिंबीर या खेळांना भाषा फारशी लागत नाही. अबोल मुलास प्रथम त्यांत सामील करावे. त्यास सर्वांसमोर उभे करून बोलण्याचा आग्रह धरू नये. एखाद्या शांत स्वभावाच्या मुलाची त्याच्याशी जोडी लावून द्यावी.

घरी मुलांचे भांडण झाल्यास लगेच निवाडा देण्याऐवजी, ‘त्याला कसे वाटले असेल?’ असे विचारावे. बागुलबुवाची भीती, चारचौघांत केलेली थट्टा आणि भावंडांची तुलना यांनी मूल आज्ञाधारक दिसते, परंतु आतून आक्रसते. पित्यानेही दिवसातील थोडा वेळ मुलाबरोबर खेळण्यास द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आई-वडील शेजाऱ्याशी, भाजीवालीशी, निराळी भाषा बोलणाऱ्या माणसाशी कसे बोलतात, हे मूल रोज पाहत असते. शेजाऱ्याच्या भाषेची टवाळी ज्या घरात होते, तेथील मूल तीच टवाळी अंगणवाडीत नेते. शेजाऱ्याची विचारपूस ज्या घरात होते, तेथील मूल नव्या सोबत्याचा हात धरते.

अनेक भाषांच्या गावात जन्मणे ही बालकाची अडचण नसून त्याची मिळकत आहे. ती त्याच्या पदरी पडेल की नाही, हे मात्र त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांवर अवलंबून आहे.