सोरायसिस, महाग औषध आणि विमा

सोरायसिस हा दीर्घकाळ टिकणारा, परंतु संसर्गाने न पसरणारा त्वचारोग होय. त्यात शरीराच्या संरक्षक यंत्रणेमुळेच त्वचेचा दाह होतो, पेशी फार वेगाने वाढतात आणि खवलेदार चट्टे उठतात. जिवंत पेशींकडून तयार करविलेली जैव औषधे ह्या दाहास कारण होणारे नेमके प्रथिन अडवितात. अडॅलिम्युमॅब ह्या औषधास अमेरिकेत सोरायसिससाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली. अशी औषधे इतकी महाग असतात की विम्यावाचून ती सामान्य रुग्णास परवडत नाहीत.

अमेरिकेतील विमा कंपन्या ह्या औषधांसाठी बहुधा पूर्वसंमती मागतात. मलमे, प्रकाशोपचार किंवा मेथोट्रेक्सेट आधी वापरून पाहिले काय, असे त्या विचारतात. म्हणून कोणता उपचार किती काळ घेतला व तो का थांबवावा लागला, ह्याची नोंद मोलाची ठरते. चट्ट्यांचा विस्तारही मोजून लिहितात. बोटांसह रुग्णाचा एक तळहात म्हणजे शरीरावरील त्वचेचा सुमारे १ टक्का भाग.

नकार आला तरी तो अखेरचा नव्हे. २०१० च्या कायद्यान्वये बहुतेक खासगी विम्यांत १८० दिवसांच्या आत कंपनीकडे फेरविचार मागता येतो. तेथेही नकार मिळाल्यास व वाद वैद्यकीय निर्णयाचा असल्यास, ४ महिन्यांत स्वतंत्र परीक्षकाकडे दाद मागता येते. त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. हा परीक्षक रुग्णास तपासत नाही, कागदपत्रे पाहूनच निर्णय देतो. म्हणून डॉक्टरांचे सविस्तर पत्र व पहिल्यापासूनची व्यवस्थित नोंद हाच रुग्णाचा खरा आधार होय.