म्हातारा राखणदार

दोन वर्षांपूर्वी अंजनगाव सुर्जीकडचे एक बाबाजी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आले होते. आठ दिवसांनी परत आले ते तोंड उतरवून. "डाक्टरसाहेब, तुमची गोळी मले लागू पडली, पन माह्या वाघ्याले नाही मानवली." वाघ्या म्हणजे त्यांचा वावरातला कुत्रा. तोही लंगडत होता म्हणून बाबाजी आपल्यातली एक गोळी रोज भाकरीत घालून त्याला देत होते. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शी.

मी माणसांचा डॉक्टर. पण डायक्लोफेनॅकने आत काय केले असेल ते कळायला पशुवैद्य असावे लागत नाही. कुत्र्याच्या जठराला जखमा होऊन रक्त जाते, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. आयब्युप्रोफेनचेही तेच. आपली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नये, अर्धीसुद्धा नाही. त्यांना तडक पशुवैद्याकडे पाठवले. वाघ्या वाचला.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. नऊ वर्षांचा कुत्रा रात्री रानडुकरांमागे धावतोच कशाला? १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. शिकारी कुत्र्याच्या वाट्याला आता तूर-हरभऱ्यातून डुकरे आणि रोही हुसकण्याचे काम उरले आहे. पण डुकराचा सुळा कुत्र्याचे पोट फाडतो, आणि जखमी कुत्र्याला सोडवायला अंधारात मालक पुढे जातो. अशा मांडीला टाके मी घातले आहेत.

बाबाजी म्हणाले, "डुक्कर दिसलं का तो अजून पोरावानी पयते." पळणारच. अंगात चेव आला की दुखणे जाणवत नाही. ते माणसाचेही तसेच. म्हणून कुत्र्याची परीक्षा रात्री धावताना घेऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. उठताना मागचे पाय आखडतात का? उन्हं वर आली तरी लंगडतो का? मागून हाक मारली तर कान हलतात का? ऐकू न येणारा कुत्रा डुकराच्या अगदी पुढ्यात जातो. थोड्या धावण्यानेही फार वेळ धापत असेल किंवा रात्री खोकत असेल, तर हृदय तपासून घ्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापूनच थंड होतो. त्यामुळे आपल्या वैशाखात म्हातारा कुत्रा लवकर कोसळतो. तोंडावरचे पांढरे केस मात्र मोजू नका. डोळ्यांतली निळसर झाकही दर वेळी मोतीबिंदूच असतो असे नाही. मोठ्या चणीचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच थकतात, लहान चणीचे उशिरा. शंका असेल तर पशुवैद्याला दाखवावे. अकोल्याला तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच आहे.

काम थांबवायचे म्हणजे एकदम साखळीला बांधायचे नाही. बांधलेला कुत्रा चिडतो, लठ्ठ होतो, सांधे आणखी आखडतात. सकाळ-संध्याकाळ थोडे चालवावे, खाणे जरा कमी करावे, खाली पोते अंथरावे. रेबीजची लस म्हातारपणीही चुकवू नये.

बाबाजींनी मागच्या पोळ्याला एक पिल्लू आणले. वाघ्या अजूनही बंडीमागे वावरात जातो, दिवस मावळला की घरी येतो. जागलीला पिल्लू असते. वाघ्या अंगणातून भुंकतो, आणि बाबाजी गोळी माझ्यासमोरच गिळतात.