सुंदर गावांची यादी आणि आपले तालुके

एखादे गाव ‘सुंदर’ ठरवावयाचे कोणी, आणि तसे ठरल्याने गावाच्या पदरात काय पडते, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

फ्रान्समध्ये १९८२ साली कॉलॉन्ज-ला-रूज या गावच्या नगराध्यक्षाच्या पुढाकाराने सुंदर खेड्यांची संघटना स्थापन झाली. तिचे नियम कडक आहेत. लोकवस्ती २,००० हून अधिक नसावी, किमान दोन संरक्षित वास्तू वा स्थळे असावीत आणि ग्रामपरिषदेने ठराव करून अर्ज करावा. आपल्याकडे २०१७ साली भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथील लोकांनी आपल्या घरांतील जागा वाचकांसाठी मोकळी करून दिली. दोन्हीकडे गावाची संमती महत्त्वाची ठरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता कर्जत-खालापूरकडे वळू. माथेरान व परिसराचे सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले. त्यामुळे डोंगरावरील बांधकामांना आळा बसला. २०२५ साली जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत आपल्या जिल्ह्यातील रायगड व खांदेरी आहेत. मात्र आपल्या दोन तालुक्यांतील एकही नाही.

परंतु यादीचा खरा प्रश्न इर्शाळवाडीने आपल्यापुढे उभा केला आहे. इर्शाळगडाच्या कुशीतील ही ठाकरांची वाडी दिसावयास फार देखणी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत पायवाटेने चढून न्यावी लागली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते, असे नंतर शासनानेच सांगितले.

म्हणून मला असे वाटते की, आपल्याकडे सुंदर गावांची यादी करावयाची झाल्यास तिची पहिली अट डोंगरउताराची तपासणी ही असावी. दुसरी अट बारमाही रस्त्याची, आणि तिसरी ग्रामसभेच्या ठरावाची. नाहीतर नावलौकिकाने जमिनीचे भाव तेवढे वाढतील, फार्महाऊसे उठतील आणि मूळ रहिवासी त्यांच्याच दारी रखवालदार होतील. गावाचे रूप राखावयाचे असेल, तर आधी गावात राहणारी माणसे राखली पाहिजेत.