पहिला तास

चि. ओंकार,


परवा तू गेल्यावर गादी उन्हात टाकत होते, तर उशीच्या अभ्र्यात रोलिंग पेपरचं पाकीट सापडलं. तुझ्या आईला बोलले नाही. पण अठ्ठावीस वर्षं हृदयरोग्यांच्या आयसीयूत काढल्यावर मला गप्प बसवत नाही.

तू म्हणशील, झाडपालाच तर आहे, सिगारेटपेक्षा बरा. अरे, पान कुठलंही जाळलं तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच. गांजा ओढला की काही मिनिटांत नाडी २० ते ५० ठोक्यांनी वाढते आणि दोन-तीन तास चढलेली राहू शकते. तू पलंगावर लोळतोयस आणि हृदय जिने चढतंय! त्याला प्राणवायू जास्त हवा असतो, नेमकी तेव्हाच रक्तातली त्याची जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेली असते. झुरका छातीत कोंडून धरता ना, त्याने तो आणखी शोषला जातो.

२००१ साली अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट ॲटॅकचा धोका ४.८ पट दिसला. २०२४ साली चार लाखांहून जास्त अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली, तर रोज घेणाऱ्यांत ॲटॅकची शक्यता २५ टक्के आणि स्ट्रोकची ४२ टक्के जास्त निघाली. अशा पाहणीतून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. विशीत ॲटॅक येणं विरळाच. पण त्यातला एक मी पाहिलाय.

चोवीस वर्षांचा मुलगा. रात्री अडीचला मित्रांनी आणला. अंगावरून घामाच्या धारा. ईसीजीच्या लीड चिकटेनात, दोनदा छाती पुसली. "काय घेतलंस?" विचारलं. "काही नाही सिस्टर, ॲसिडिटी आहे." गांजा ओढलाय म्हणून पोलीस येतील, घरी कळेल, या धाकाने पोरांनी त्याला तीन तास ॲसिडिटीच्या गोळ्या देत खोलीवरच ठेवलं होतं. तो वाचला. पण हृदयाचा जो स्नायू मेला तो मेलाच. दुसऱ्या मजल्यावर जातानाही त्याला मध्ये थांबावं लागायचं.

तुझ्या आजोबांना पहिला ॲटॅक एक्कावन्नाव्या वर्षी आला होता, हेही ध्यानात ठेव.

तेव्हा बाळा, हे बंद कर. एकट्याने जमत नसेल तर मला सांग, चांगला डॉक्टर गाठून देते, सोबत येते. आणि कधीही तुझ्या किंवा खोलीतल्या कुणाच्या छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला, तर १०८ लाव. काय ओढलंय, किती वाजता, ते डॉक्टरांना खरं सांग. घरच्यांचं मी बघून घेईन.

रविवारी सकाळी दहाला फोन करते. उचल.

तुझी,
सुमनआत्या