नाताळचा खर्च आणि विधवेचे तेल

शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7, नहेम्या 5:1-13

नाताळ जवळ आला की घरोघरी नव्या कपड्यांचा व फराळाचा हिशेब सुरू होतो. हिशेब जुळला नाही, तर उसनवारी किंवा हप्ते. आणि ते फेडता फेडता ईस्टर येतो.

पहिल्या पाठातील विधवेने चैनीसाठी कर्ज काढले होते, असे कोठेही लिहिलेले नाही. तिचा पती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाचे भय धरणारा मनुष्य होता. तरी सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला. तेव्हा कर्जबाजारी दिसला की त्याला उधळ्या ठरवू नये. मंडळीत हे फार होते.

अलीशाने तिला विचारले, घरात काय आहे? पुढे तेल विपुल झाल्यावर त्याने क्रम लावून दिला : आधी तेल विकून कर्ज फेडावे, मग उरेल त्यावर मायलेकरांनी निर्वाह करावा. नाताळात आपण नेमका हाच क्रम उलटा करतो.

नहेम्याच्या काळी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली ती दुष्काळामुळे व राजाच्या करामुळे. आणि व्याज घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना अलीशाचाच प्रश्न विचारावा. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद व खळ एवढ्यावर चांदणी होते. ज्याला हा छंद आहे त्याने इतरांना शिकवावे. मोठ्यांच्या वर्गात मात्र हे विचारा : आपल्यातील कोणी अडचणीत व्याजाने पैसे काढले असतील, तर तो आपल्याकडे न येता सावकाराकडे का गेला?