हिशोबाच्या पानामागची जोडणी

उसाची नोंद, तोड आणि बिल गावातच कळावे, असा प्रयोग वारणानगर परिसरातील 70 गावांत 1998 साली सुरू झाला. निलंगा भागातल्या आपल्या मुला-मुलींना असे हिशोबाचे पान इंटरनेटवर घडवायचे असेल, तर आधी संगणकाची मशागत समजून घ्यावी.

गोष्टी तीन लागतात. प्रोग्रामची भाषा, उदाहरणार्थ पायथन. नोंदींचे कोठार म्हणजे डेटाबेस, उदाहरणार्थ पोस्टग्रेसक्यूएल. आणि दोघांना जोडणारे सायकोपीजी. तिन्ही फुकट मिळतात. ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, पण मधली पिनच नाही, तर ऊस फडातून हलत नाही, तसेच हे.

क्रम असा ठेवावा :

1. डेटाबेस बसवून चालू करावा. वापरणाऱ्याचे नाव व पासवर्ड ठरवावा.
2. पायथन बसवावे. प्रत्येक कामाचा कप्पा वेगळा करावा, म्हणजे आवृत्त्यांची सरमिसळ होत नाही.
3. त्या कप्प्यात सायकोपीजी घालावे.
4. आवृत्त्यांची यादी करावी. संगणक बदलला तरी तीवरून पुन्हा बसवता येते.

जोडणी झाली नाही, तर डेटाबेस चालू आहे का ते आधी पाहावे. मग नाव, पासवर्ड आणि पोर्ट क्रमांक, जो बहुधा 5432 असतो. सगळे उखडण्याची घाई नको. त्यात नोंदीही जाऊ शकतात. म्हणून शिकताना लुटुपुटीच्या नोंदी घ्याव्यात आणि खऱ्या नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. वजनाची नोंद गेली, तर घामाचा हिशोब कशावर मांडणार?