जोड कुणाशी लावली, ते आधी विचारा

हेवीवेट बॉक्सिंग बरीच वर्षं पाहून माझा एका शिक्क्यावरचा विश्वास पार उडाला आहे. नव्या व्यावसायिक बॉक्सरच्या नावामागे लागणारा ‘अपराजित’ हाच तो शिक्का. हौशी स्पर्धा गाजवून पैशाच्या रिंगमध्ये उतरू पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी त्याला भुलू नये, असं मला कळकळीनं वाटतं. कारण पहिल्या काही वर्षांत बॉक्सरपेक्षा त्याची जोड लावणाराच जास्त जिंकत असतो. ऑड्ली हॅरिसनचं उदाहरण घ्या. 2000 साली सिडनीत त्यानं सुपर हेवीवेटचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. 1968 नंतर ब्रिटनच्या बॉक्सिंगला मिळालेलं ते पहिलंच सुवर्ण. बीबीसीनं दहा लढतींसाठी दहा लाख पौंड मोजले. मे 2001 मध्ये वेम्ब्लीच्या पहिल्या लढतीत त्याच्यासमोर आला तो माइक मिडलटन, पोटासाठी खासगी गुप्तहेराचं काम करणारा. पहिल्याच राउंडमध्ये खेळ खलास. असं करत करत 19 लढती, 19 विजय झाले. मग डिसेंबर 2005 मध्ये डॅनी विल्यम्स समोर आला, आदल्या वर्षी टायसनला आडवा केलेला गडी, आणि हॅरिसन गुणांवर हरला. पुढं वर्षभरानं त्यानं विल्यम्सला नॉकआउट करून परतफेड केली हे खरं. पण त्याच्या आधी डॉमिनिक गिननं आणि नंतर मायकेल स्प्रॉटनं त्याला हरवलं.

हे आधी का दिसलं नाही? सिडनीत चार राउंड होते, प्रत्येकी दोन मिनिटांचे. डोक्याला हेडगार्ड, आणि स्वच्छ लागलेल्या ठोशाला यंत्रावर गुण. एकूण आठ मिनिटं. व्यावसायिक विजेतेपदाची लढत बारा राउंडची, म्हणजे 36 मिनिटांची. उंच, डावखुऱ्या माणसाला आठ मिनिटं लांबून ठोसे लावत मागं सरकता येतं. दहाव्या राउंडला पाय जड झालेले असतात, समोरचा आत घुसून शंभरावर किलोंचं वजन खांद्यावर टाकून लोंबकळतो, आणि मागं सरकायला पायच उचलत नाहीत. विल्यम्सनं हॅरिसनला खाली पाडलं ते दहाव्या राउंडमध्येच. पडल्यावर श्वास कसा परत मिळवायचा, मिठी कधी मारायची, हे लवकर न पडणारा माणूसच शिकवतो. पहिल्या राउंडमध्ये पडणारा काय शिकवणार?

यावर कुणी म्हणेल, सोप्या लढती हव्यातच. हेवीवेटमध्ये एका ठोशात कारकीर्द संपते. मान्य. घाईचं फळही आपण पाहिलेलं आहे: 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा विजेता पीट रॅडमाकर पुढच्याच वर्षी पहिली व्यावसायिक लढत थेट विश्वविजेत्या फ्लॉइड पॅटरसनशी खेळला. दुसऱ्या राउंडमध्ये त्यानं पॅटरसनला पाडलंही. नंतर स्वतःच पुन्हा पुन्हा पडून सहाव्यात संपला. पण घाई नको म्हणजे पायऱ्याच नकोत, असं नाही. अँथनी जोशुआच्या पहिल्या 14 लढतींतली एकही तिसऱ्या राउंडपलीकडे गेली नव्हती. पंधराव्या लढतीत डिलियन व्हाइटनं त्याला हादरवलं, सातव्यापर्यंत राबवलं. हौशी काळात जोशुआला हरवलेल्या माणसाशीच ही जोड लावली गेली, आणि मगच चार महिन्यांनी विश्वविजेतेपदाची लढत आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हॅरिसननं स्वतःची प्रमोटर कंपनी काढली, कुणाच्या दावणीला बांधला गेला नाही; बॉक्सरांच्या लुबाडणुकीचा इतिहास पाहता यात चूक काय? पैशाच्या बाबतीत काहीच नाही. उलट मी त्याचं कौतुकच करीन. पण प्रतिस्पर्धी निवडणारा आणि त्याच्याशी लढणारा एकच माणूस असला, की अवघड जोड पुढं ढकलायला नेहमीच कारण सापडतं: हात दुखतोय, तिकिटं खपणार नाहीत, टीव्हीला तारीख जमत नाही. हिशेब स्वतःकडे ठेवावा. ‘आता याच्याशी लढ’ हे मात्र दुसऱ्यानं सांगावं, आणि त्या दुसऱ्याचं पोट आपल्या अपराजितपणावर चालत नसावं. हॅरिसनमध्ये जिगरच नव्हती, असंही बोललं जातं, विशेषतः 2010 मध्ये डेव्हिड हेकडून तिसऱ्या राउंडमध्ये हरल्यावर. असेलही तसं. पण तोवर वय 39 झालं होतं. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत कस लागला असता तर उणीव भरायला वेळ तरी उरला असता.

आपल्याकडेही विजेंदर सिंग, वजनगट वेगळा असला तरी, सलग 12 लढती जिंकून 2021 मध्ये पणजीत कसिनोच्या जहाजावर पहिल्यांदा हरला. म्हणून कुणी करार घेऊन आलं, तर रकमेआधी त्याच्या इतर बॉक्सरांच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी मागा. त्यांतले किती जण हरण्यापेक्षा जास्त जिंकले होते, किती जण शेवटच्या घंटेपर्यंत उभे राहिले, आणि पहिली आठ राउंडची लढत कितव्या महिन्यात ठरली आहे, हे कागदावर लिहून घ्या. यादी द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या करारावर सही करू नका, रक्कम कितीही असो.